त्रिज्येपासून व्यस्त साइनपर्यंत: कोनावरून उंची, उंचीवरून कोन

वर्तुळाच्या धड्यात ‘त्रिज्या’ हा शब्द आपण शेकडो वेळा लिहितो, पण त्याच्या पोटात काय आहे ते सहसा कुणी उघडून दाखवत नाही. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी; ज्योतिषगणितात त्या दोरीचा अर्धा भाग, म्हणजे कंसाच्या टोकाची उंची. जुन्या ज्योतिषगणितात वर्तुळाच्या बारा राशी धरत, प्रत्येक राशी ३० अंशांची. तीन राशी म्हणजे ९० अंश, आणि तीन राशींची ज्या ती त्रिज्या. आजच्या भाषेत सांगायचं तर ९० अंशांचा साइन पुरत्या त्रिज्येएवढा असतो. हे वाक्य आपण ‘त्रिज्या’ म्हणताना दर वेळी नकळत म्हणत असतो.

‘साइन’ हा शब्दही याच घरातला. ज्येला दुसरा शब्द जीवा, जो आपण आजही वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडासाठी वापरतो. अरबीत गेल्यावर त्याचं ‘जीबा’ झालं. अरबी लिपीत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे कुणी ते ‘जैब’ असं वाचलं. जैब म्हणजे कपड्याची घडी, खळगा. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी खळग्यासाठी त्यांचा शब्द घातला, ‘सिनस’. सर्दीत आपल्याला छळणारा सायनस तोच. म्हणजे वाचनातल्या एका चुकीमुळे धनुष्याची दोरी नाकापर्यंत पोचली.

हे सगळं सांगायचं कारण असं की साइन म्हणजे एक मोजता येणारी लांबी आहे, हे एकदा डोक्यात बसलं की व्यस्त साइन, म्हणजे उंचीवरून कोन काढणं, आपोआप समजतं. ‘समोरील बाजू भागिले कर्ण’ हे पाठ करून सुरुवात केली तर काटकोन त्रिकोणाच्या बाहेर पाऊल टाकताक्षणी पाय घसरतो. तेव्हा आपण कागदावरून सुरुवात करू. आलेख कागद, कंपास, कोनमापक आणि साइनचं बटण असलेला कॅलक्युलेटर एवढं सामान पुरे. फोनमधला कॅलक्युलेटर आडवा धरला की बहुतेक वेळा ते बटण दिसतं.

पायरी १: वर्तुळ काढा आणि उंची मोजा

आलेख कागदाच्या मधोमध दोन अक्ष काढा. केंद्रावर कंपासचं टोक ठेवून १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. कागद लहान असेल तर अर्धं वर्तुळ चालेल, पण वरचं अर्धं पूर्ण हवं. उजवीकडच्या आडव्या अक्षापासून कोन मोजायला सुरुवात करायची आणि घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. ३० अंशांवर खूण करा, केंद्रापासून त्या खुणेपर्यंत रेघ ओढा आणि ती खूण आडव्या अक्षापासून किती उंच आहे ते मोजा.

५ सेंमी. उंची भागिले त्रिज्या, म्हणजे ५ भागिले १०. साइन ३०° = ०.५.

असंच ४५ अंशांवर करा, सुमारे ७.१ सेंमी मिळतील. ६० अंशांवर ८.७ च्या आसपास. ९० अंशांवर १०. एक गोष्ट लगेच खटकायला हवी: कोन ३० चा ६० झाला, दुप्पट झाला, पण उंची ५ ची १० झाली नाही. पहिल्या ३० अंशांत ५ सेंमी चढलो, शेवटच्या ३० अंशांत जेमतेम १.३ सेंमी. वर्तुळ सुरुवातीला जवळजवळ उभं चढतं आणि माथ्यापाशी आडवं होत जातं. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच मोठा त्रास होणार आहे.

त्रिज्येने भागायचं कारण एवढंच की तुमचं वर्तुळ १० सेंमीचं, माझं ७ चं. उंच्या वेगळ्या येतील, गुणोत्तर तेच येईल. आणि ‘समोरील बाजू भागिले कर्ण’ कुठे गेलं? ते इथेच आहे. केंद्र, खूण आणि खुणेखालचा अक्षावरचा बिंदू यांचा काटकोन त्रिकोण बघा. त्रिज्या हाच कर्ण आहे, उंची हीच समोरील बाजू. खुणेचं आडवं अंतर भागिले त्रिज्या म्हणजे कोसाइन, उंची भागिले आडवं अंतर म्हणजे टॅन्जंट, ज्याला सगळे टॅन म्हणतात.

९० च्या पुढेही जा. १५० अंशांवर खूण केली तर उंची पुन्हा ५ सेंमी. १८० वर शून्य. २१० वर खूण अक्षाच्या खाली जाते, म्हणून उंची उणे ५, साइन उणे ०.५. ३६० ला पुन्हा मूळ जागी, आणि पुढे तेच चक्र. त्रिकोणात २१० अंशांचा कोन बसत नाही, वर्तुळात सहज बसतो. म्हणून वर्तुळ.

पायरी २: कोष्टक सरळ वाचा, मग उलटं

इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ज्यांचं एक कोष्टक अक्षरांच्या सांकेतिक भाषेत दिलं. त्याने काटकोनाचे २४ समान भाग केले. प्रत्येक भाग ३ अंश ४५ कलांचा, म्हणजे २२५ कलांचा, कारण एका अंशात ६० कला. त्रिज्या धरली ३४३८. हा आकडा आकाशातून पडलेला नाही: पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला, त्याला पायच्या (π च्या) दुपटीने भागलं की ३४३८ च्या जवळ येतं. म्हणजे कोन आणि लांबी एकाच मापात आल्या. आजचं रेडियन हे कोनाचं माप याच विचाराचं भावंड आहे.

कोष्टकात त्याने ज्या दिल्या नाहीत, त्यांच्यातले फरक दिले: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, १९१, १८३, १७४, १६४, १५४, १४३, १३१, ११९, १०६, ९३, ७९, ६५, ५१, ३७, २२, ७. पहिला शब्द ‘मखि’: म हे पंचविसावं व्यंजन म्हणून २५, ख दुसरं म्हणून २, त्याला इकार लागला की शंभरपट, म्हणजे २००. झाले २२५. फोन नंबर लक्षात ठेवायला असली युक्ती आज कुणी वापरत नाही याचं मला अधूनमधून वाईट वाटतं.

आता पेन घ्या आणि पहिले आठ फरक मिळवा. १७१९ येतात. आठ भाग म्हणजे ८ गुणिले ३ अंश ४५ कला, म्हणजे बरोबर ३० अंश. आणि १७१९ भागिले ३४३८ म्हणजे बरोबर ०.५. पंधराशे वर्षांपूर्वीचं कोष्टक आणि तुमचा आलेख कागद एकच उत्तर देतात. चोवीसही फरक मिळवलेत तर ३४३८, म्हणजे त्रिज्या.

हे झालं सरळ वाचन: कोन दिला, उंची काढली. आता उलटा प्रश्न. उंची त्रिज्येच्या ०.६ पट आहे, तर कोन किती? ३४३८ ची ०.६ पट म्हणजे सुमारे २०६३. बेरीज पुढे चालवू. नऊ फरकांची बेरीज १९१०, दहांची २०९३. म्हणजे आपला कोन नवव्या आणि दहाव्या खुणेच्या मध्ये, ३३ अंश ४५ कला आणि ३७ अंश ३० कला यांच्यामध्ये आहे. १९१० पासून २०६३ पर्यंत १५३ चालायचे आहेत, पूर्ण टप्पा १८३ चा. १५३ भागिले १८३ म्हणजे ०.८३६. टप्प्याची रुंदी ३.७५ अंश, त्याची ०.८३६ पट म्हणजे ३.१३५. मिळवले ३३.७५ मध्ये: ३६.८८ अंश.

आधुनिक कॅलक्युलेटर ३६.८७ म्हणतो.

तुम्ही आत्ता जे केलंत त्याचंच नाव व्यस्त साइन. साइनला कोन देतात आणि तो उंची (म्हणजे गुणोत्तर) परत करतो. व्यस्त साइनला गुणोत्तर देतात आणि तो कोन परत करतो. कोष्टक तेच, बोट दुसऱ्या रकान्यावर. कॅलक्युलेटर वेगळ्या रीतीने हिशेब करतो खरा, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो हाच.

मधेच एक चेतावणी: ते उणे एक घातांक नाही

बटणावर आणि पुस्तकात व्यस्त साइन ‘साइन⁻¹’ असं लिहिलेलं दिसतं. ही खूण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शल याने १८१३ साली वापरात आणली, आणि तेव्हापासून विद्यार्थी फसत आले आहेत. कारण साइनच्या डोक्यावर २ लिहिला तर त्याचा अर्थ साइनचा वर्ग, मग उणे १ लिहिला तर ‘एक भागिले साइन’ असंच वाटणार. तसं नाही. इथे उणे १ म्हणजे ‘ही क्रिया उलटी करा’. साइन⁻¹ (०.५) = ३०°. ‘एक भागिले साइन’ ही वेगळी चीज आहे, तिचं नाव कोसेकंट, आणि ३० अंशांसाठी तिची किंमत २. एकीकडे कोन, दुसरीकडे नुसती संख्या. उत्तर कोन आहे की संख्या एवढं विचारलं तरी गफलत पकडता येते.

मला स्वतःला ‘आर्कसाइन’ हे दुसरं नाव जास्त आवडतं. आर्क म्हणजे कंस. एक एकक त्रिज्येच्या वर्तुळात ज्या कंसाची ‘ज्या’ इतकी, तो कंस. नावात व्याख्या आहे आणि घातांकाचा घोळ नाही.

पायरी ३: एकाच उंचीचे दोन बिंदू

पुन्हा आलेख कागदाकडे या. उभ्या अक्षावर ६ सेंमीची खूण करा आणि तिथून आडवी रेघ पार वर्तुळाच्या दोन्ही बाजूंपर्यंत ओढा. ती वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते: उभ्या अक्षापासून उजवीकडे ८ सेंमीवर आणि डावीकडे ८ सेंमीवर. कोनमापक लावा. उजवा बिंदू सुमारे ३७ अंशांवर, डावा सुमारे १४३ अंशांवर.

दोन्हींची उंची ६ सेंमी. दोन्हींचा साइन ०.६. मग ‘०.६ हा कोणत्या कोनाचा साइन?’ याचं उत्तर कोणतं?

खरं उत्तर: दोन्ही. शिवाय वर्तुळाला एक फेरी मारून पुन्हा तिथेच आलात तर ३९६.८७ अंशही उत्तर, आणि ५०३.१३ ही. दर फेरीला दोन, अशी अनंत उत्तरं. पण कॅलक्युलेटरला एकच आकडा दाखवता येतो, आणि गणितातही ‘फल’ (फंक्शन) म्हणायचं तर एका प्रश्नाला एकच उत्तर लागतं. म्हणून गणितज्ञांनी आपसांत एक करार केला: व्यस्त साइन नेहमी उणे ९० ते अधिक ९० अंशांमधलाच कोन सांगेल. त्याला मुख्य किंमत म्हणतात. कागदावर बघा, हा वर्तुळाचा उजवा अर्धा भाग आहे. सर्वांत खालच्या टोकापासून सर्वांत वरच्या टोकापर्यंतची प्रत्येक उंची तिथे एकदाच येते, कुठे उडी नाही, आणि शाळेतले लघुकोनही आत राहतात. यापेक्षा सोयीचा तुकडा सापडणं कठीण.

कोसाइनला हा तुकडा चालत नाही. कोसाइन म्हणजे आडवं अंतर, आणि उजव्या अर्ध्यात ३० आणि उणे ३० अंशांचं आडवं अंतर सारखंच. म्हणून व्यस्त कोसाइनसाठी वरचा अर्धा भाग घेतात, ० ते १८० अंश. व्यस्त टॅन पुन्हा उणे ९० ते ९०, पण दोन्ही टोकं वगळून, कारण बरोबर ९० ला टॅनला किंमतच नसते.

करारामुळे एक गंमत होते. आधी व्यस्त साइन आणि मग साइन केलं तर मूळ संख्या परत मिळते, दर वेळी. पण आधी साइन, मग व्यस्त साइन केलं तर मूळ कोन मिळेलच असं नाही. साइन १५०° = ०.५, आणि व्यस्त साइन ०.५ = ३०°. १५० घेऊन गेलो आणि ३० घेऊन परत आलो. कॅलक्युलेटर चुकला नाही. त्याला फक्त उंची सांगितली होती, डावी की उजवी हे सांगितलंच नव्हतं. २०० अंश देऊन बघा, उणे २० येतील. का ते वर्तुळावर शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि व्यस्त साइन २ करून बघा. कॅलक्युलेटर चूक दाखवेल. त्रिज्येच्या दुप्पट उंचीवर वर्तुळाचा बिंदू नसतोच, आडवी रेघ वर्तुळाच्या वरून निघून जाते. व्यस्त साइनला उणे १ ते १ मधलीच संख्या द्यायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी इथे एक जपावं: हिशेब होता होता १ च्या जागी १.०००००००००००००००२ सारखं काहीतरी तयार होतं आणि व्यस्त साइन चूक फेकतो. आधी संख्या उणे १ ते १ च्या आत दाबून बसवावी.

पायरी ४: बटण दाबण्याआधी मोड बघा

एकदा मी ४ मीटरच्या शिडीचा जमिनीशी होणारा कोन काढत होतो. वरचं टोक भिंतीला ३.८ मीटरवर टेकलेलं. ३.८ भागिले ४ म्हणजे ०.९५, व्यस्त साइन दाबलं, उत्तर आलं १.२५. मी गंभीरपणे ‘१.२५ अंश’ असं लिहूनही टाकलं. १.२५ अंशांची शिडी म्हणजे जवळपास जमिनीवर झोपलेली शिडी, आणि मी ती भिंतीला टेकलेली समोर बघत होतो! कॅलक्युलेटर कुणाचा तरी मागून आणलेला, रेडियनमध्ये ठेवलेला. अंशांत उत्तर ७१.८.

रेडियन म्हणजे त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसाने केंद्रापाशी होणारा कोन, सुमारे ५७.३ अंश. १८० अंश म्हणजे पाय रेडियन. याशिवाय काही कॅलक्युलेटरवर ग्रेड नावाचं तिसरं माप असतं, त्यात काटकोनाचे १०० भाग. रोजच्या वापरात ते फारसं लागत नाही, पण चुकून त्यावर बोट पडतं.

म्हणून काम सुरू करण्याआधी साइन ३० दाबायची सवय लावा. ०.५ आलं तर अंश. उणे ०.९८८ आलं तर रेडियन. ०.४५४ आलं तर ग्रेड. प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांत आणि स्प्रेडशीटमध्ये हा मोडच नसतो, तिथे सगळं रेडियनमध्येच चालतं. अंश हवे असतील तर १८० ने गुणून पायने भागा.

शिडीचं राहिलंच. टेकवायच्या शिडीसाठी सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा असा: वर चार, तर भिंतीपासून एक. इथे उंची आणि आडवं अंतर माहीत आहे, म्हणून व्यस्त टॅन ४ काढायचा: सुमारे ७६ अंश. माझी ७१.८ ची शिडी जरा जास्तच पसरलेली होती.

पायरी ५: दोन उत्तरांतून निवड कशी करायची

साइनच्या नियमाने त्रिकोण सोडवताना दुसरं उत्तर विसरलं जातं, आणि ते कॅलक्युलेटर कधीच आठवण करून देत नाही. उदाहरण घेऊ. त्रिकोणात कोन अ ३० अंशांचा, त्याच्या समोरची बाजू ६ सेंमी, आणि कोन ब च्या समोरची बाजू १० सेंमी. कोन ब किती?

साइनचा नियम सांगतो की बाजू आणि समोरच्या कोनाचा साइन यांचं गुणोत्तर सगळीकडे सारखं. म्हणून साइन ब = १० × ०.५ ÷ ६ = ०.८३३३. व्यस्त साइन: ५६.४४ अंश. बहुतेक जण इथेच थांबतात.

आता १८० मधून वजा करा: १२३.५६. याचाही साइन ०.८३३३. हा त्रिकोणात बसतो का? ३० आणि १२३.५६ मिळून १५३.५६, १८० पेक्षा कमी. बसतो. म्हणजे दोन वेगळे त्रिकोण आहेत! पटत नसेल तर काढून बघा. एक आडवी रेघ, तिच्या डाव्या टोकाला ३० अंशांचा कोन, त्या तिरक्या भुजेवर १० सेंमी मोजून खूण. आता कंपासमध्ये ६ सेंमी घेऊन त्या खुणेवरून कंस मारा. तो आडव्या रेघेला दोनदा कापतो, एकदा डाव्या टोकापासून सुमारे ५.३ सेंमीवर आणि एकदा सुमारे १२ सेंमीवर. तुम्ही दिलेल्या माहितीत कुठला हे ठरवायला काही नव्हतंच.

तर रीत अशी. साइनमधून कोन काढला की दुसरं उत्तर लगेच शेजारी लिहा (१८० वजा पहिलं). मग तिन्ही कोनांची बेरीज जमते का ते बघा. जमत नसेल तर दुसरं खोडा. जमत असेल तर उदाहरणात आणखी काय म्हटलंय ते शोधा: विशालकोन आहे का, सर्वांत मोठी बाजू कोणती, आकृती कशी दिली आहे. आणि तिन्ही बाजू माहीत असतील तर साइनच्या वाटेला जाऊच नका, कोसाइनचा नियम वापरा. व्यस्त कोसाइनचा तुकडा ० ते १८० आहे आणि त्रिकोणाचे कोनही त्याच्याच आत असतात, त्यामुळे तिथे उत्तर एकच निघतं. मी तर पर्याय असेल तेव्हा कोसाइनच घेतो.

९० च्या जवळ साइनवर भरवसा ठेवू नका

आर्यभटाच्या फरकांची शेपूट पुन्हा बघा: ५१, ३७, २२, ७. सुरुवातीला ३ अंश ४५ कलांत उंची २२५ ने वाढत होती, शेवटी तेवढ्याच कोनात फक्त ७ ने. उलट वाचताना याचा अर्थ असा होतो: माथ्यापाशी उंचीत जरा चूक झाली की कोन कुठल्या कुठे जातो.

४ मीटरचा खांब सरळ उभा आहे का ते टोकाची उंची मोजून तपासायचं ठरवलंत, तर ३४३८ मधले ७ म्हणजे ४ मीटरमधले ८ मिलिमीटर. फीत ८ मिलिमीटर इकडेतिकडे झाली की ९० चे ८६ अंश १५ कला होतात. तोच खांब तेवढाच कलला असताना त्याचं टोक बुडापासून आडवं किती सरकलं ते मोजलंत, तर २६ सेंटिमीटर भरतं! ते कुणाच्याही नजरेत भरेल. म्हणून कोन उभ्याच्या जवळ असेल तर आडवं अंतर मोजा आणि व्यस्त कोसाइन वापरा. आडव्याच्या जवळ असेल तर उंची मोजा आणि व्यस्त साइन. कुठलाही कोन असला तरी जास्त न बिथरणारा व्यस्त टॅन, पण त्याला दोन्ही मापं लागतात.

एक त्रिकोण काढून सुटणारी उदाहरणं

परीक्षेत ‘कोसाइन (साइन⁻¹ ३/५)’ असं काहीतरी दिसलं की धडकी भरते. ते आतून बाहेर वाचा. आतल्या कंसात एक कोन आहे, त्याचा साइन ३/५. काटकोन त्रिकोण काढा, समोरील बाजू ३, कर्ण ५, तिसरी बाजू पायथागोरसने ४. कोसाइन ४/५. त्याच आकृतीवरून टॅन ३/४. कोन किती अंशांचा आहे हे शोधायची गरजच पडली नाही. त्याच त्रिकोणाचा दुसरा लघुकोन बघितलात तर त्याचा कोसाइन ३/५, म्हणून एकाच संख्येचे व्यस्त साइन आणि व्यस्त कोसाइन मिळून नेहमी ९०. ऋण संख्यांनाही हे लागू पडतं.

व्यस्त टॅनची गोष्ट याहून रंजक आहे. चौदाव्या शतकात केरळातल्या माधव या गणितज्ञाच्या परंपरेत त्याची मालिका सापडली होती: संख्या, वजा तिच्या घनाचा तिसरा भाग, अधिक पाचव्या घाताचा पाचवा भाग, असं पुढे. उत्तर रेडियनमध्ये येतं. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराला अनेक ठिकाणी १ ला १२ हे प्रमाण धरतात, त्याचा कोन हाताने काढू. १/१२ म्हणजे ०.०८३३३३. त्याच्या घनाचा तिसरा भाग ०.०००१९३. वजाबाकी ०.०८३१४०. गुणिले ५७.२९५८, झाले ४.७६ अंश. दोन पदांत काम झालं. संख्या १ च्या जवळ गेली की मात्र ही मालिका रेंगाळते, शेकडो पदं घेऊनही नीट स्थिरावत नाही.

दिशा हवी असेल तर

शेवटचा खड्डा नकाशे, खेळ किंवा यंत्रमानव यांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. आपल्या आलेख कागदावरचा डावा बिंदू घ्या: आडवं अंतर उणे ८, उंची ६. टॅन म्हणजे ६ भागिले उणे ८, उणे ०.७५. व्यस्त टॅन सांगतो उणे ३६.८७ अंश, म्हणजे उजवीकडे खाली. बिंदू तर डावीकडे वर आहे, १४३.१३ अंशांवर. भागाकार करताना उणे चिन्ह वरच्याचं की खालच्याचं ही माहिती हरवली, म्हणून दिशा उलटी झाली.

यावर उपाय म्हणून प्रोग्रॅमिंगच्या भाषांत ‘एटॅन२’ नावाचं वेगळं फल असतं. त्याला भागाकार न देता दोन्ही अंतरं वेगवेगळी द्यायची, मग ते चिन्हं बघून बरोबर दिशा सांगतं. फक्त क्रम सांभाळा: बहुतेक भाषांत आधी उंची आणि मग आडवं अंतर, पण एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये आधी आडवं अंतर. नवीन ठिकाणी वापरण्याआधी त्यात ०, १ असं टाकून बघा. ० आलं तर आधी उंची द्यायची आहे, १.५७ आलं तर आधी आडवं अंतर.